हवेशीर

गेल्या दिवाळीआधी आमच्या इमारतीला परांची लागली.
हरभट रोड, दुसरा मजला, मगदूम चष्मेवाले.
बांबू, काथ्या, वर हिरवी जाळी.
"महिनाभर," मालक म्हणाले, "गिलावा झाला की मोकळं."

गिलावा झाला. रंगही झाला.
जाळी उतरली
आणि तिच्या जागी एका रात्रीत
तीन मजले उंच एक बाल्कनी आली.
बाल्कनीत चहा पिणारं जोडपं,
मागं डोंगर
(सांगलीत कुठला एवढा हिरवा डोंगर, देव जाणे)
आणि अख्ख्या इमारतीवर आडवा एकच शब्द:
हवेशीर.

ह गेला दातांच्या डॉक्टरकडं,
वे झेरॉक्सवाल्याकडं,
र जिन्याच्या झरोक्यावर.
माझ्या खिडकीच्या वाट्याला आली
शी.
आतून बघितलं की उलटी दिसते,
पण शी ती शीच.

बांधकामाचा खर्च निघून वर उरतं म्हणे.
मालक खोटं बोलत नाहीत,
"काम चालू आहे" एवढंच बोलतात.
एक गवंडी सोमवारचा येतो,
थापी दोनदा आपटतो, बिडी ओढतो,
हजेरी लावल्यासारखा उतरून जातो.

खाली बांबूंचे पाय फुटपाथात रुतलेले.
शाळेच्या पोरी तेवढ्यापुरत्या डांबरावर उतरतात,
टमटमला वाट देऊन परत वर चढतात.
स्कूटरवाले तिथंच हळू होतात, माना वर:
'फक्त' केवढं मोठं,
आकडा बारीक,
अटी त्याहून बारीक.
रात्री आठ हॅलोजन.
समोरच्या माडीवर बिरनाळ्यांचं बाळ
दोन वाजता सकाळ समजून हसत बसतं,
आणि त्याची आई खिडकीला चादर लावते.

माझ्याकडं मात्र दिवसाही ट्यूब.
त्या डोंगराच्या उजेडात तक्त्यावरचं क ख ग
शेवाळल्यासारखं दिसतं.
परवा मार्केट यार्डातला एक हमाल आला,
नखांत हळद.
म्हणाला, "तक्ता राहू द्या, ते भायलं वाचू का?"
"उलटं आहे ते."
"मला सुलटंबी असंच दिसतंय की.
शाळंत कोण गेलंय?"

मग एका दुपारी दिलावर नदाफ आला.
"लांबचं झ्याक दिसतंय, जवळचं गेलं.
गाठ मारतो, पर बोटानं.
डोळा नुसता सोबतीला."
"ही परांची तुझीच ना रे?"
"व्हय की. चारशे गाठी. एकेक माझ्या हातची."

प्लस दोनची काच लावली.
तो तक्त्याकडं गेलाच नाही,
सरळ खिडकीशी गेला, गजांतून हात घातला.
"आयला, ही सुटत आल्ती ओ!
कुणाच्या डोक्यात बांबू आला असता म्हंजे?"
आणि दातात काथ्या धरून
करकचून आवळली.

ती गाठ मला ठाऊक होती.
महिनाभर रोज कुलूप लावताना बघत होतो,
कितीशी सैल झाली.
कुणाला बोललो नव्हतो.
मी काच पुसत राहिलो.
स्वच्छ काच.

पैसे विचारले, मी फ्रेमचेच सांगितले.
तो थांबला. खिशातून पातं काढलं.
"फ्लेक्सला वाऱ्यासाठी भोकं पाडाय लागत्यात,
न्हाईतर शीड हुतंय त्याचं.
हितलं एक ऱ्हायलं वाटतं,"
असं म्हणत वेलांटीच्या पोटात
चंद्रकोरीएवढी चीर दिली.
"कुणी इचारलं तर वाऱ्याच्या नावावर घाला."

आता दुपारी त्या चिरेतून
माझ्या टेबलावर एक पांढरा तुकडा पडतो,
चार वाजता डबीवर, साडेचारला भिंतीवर.
डोळा लावला तर अर्धा रस्ता दिसतो.
आज कुणी बाई गाडी थांबवून
वरचा आकडा वाचत होती,
डोळे बारीक करून, मान जरा डावीकडं.

घर परवडेल की नाही, मला काय माहीत.
मायनस दीड तरी असेल.